भरलेल्यातून रिकाम्यात

योत्सुगी स्टेशनच्या मागे नाणी टाकून कपडे धुवायचं एक दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर त्सुकुशी क्लास. खाली मशीनं घरघरतात, वर पोरं गणितं सोडवतात. कपडे वाळवायच्या यंत्रांची ऊब फरशीतून वर येते, म्हणून कुमेसर भर हिवाळ्यातही हीटर लावायला तयार नसतात. कुमेसर म्हणजे क्लासचे मालक. माणूस वाईट नाही असं सगळे म्हणतात, तर आपणही तसंच म्हणू.

इथे गणित शिकवायच्या त्या इसोगाईबाई. इसोगाई सेत्सुको. वय साठीला टेकलेलं, नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. आधी एका बड्या क्लासात उभी हयात घासली. मग तिथे तरुण मास्तर आले, चकचकीत फळे आले, आणि एक दिवस बाईंच्या हातात फुलांचा भला मोठा गुच्छ देऊन त्यांना घरी बसवलं. गुच्छ चांगला महागाचा होता, त्यात काही कमी केली नाही.

बाईंचा हातखंडा म्हणजे सरासरी. सहावीची पोरं खाजगी शाळांच्या प्रवेश परीक्षेला बसतात, आणि सरासरीचं गणित नाही असा पेपर निघतच नाही. बाकीचे मास्तर चौकोन काढून दाखवतात, सूत्र पाठ करून घेतात. बाई काचेचे तीन ग्लास आणि जवाच्या गार चहाचा जग घेऊन वर्गात येत.

"बेरीज करा न् भागा, हे पोपटालाही येतं," त्या म्हणत. "मला सांगा, होतं काय?"

एका ग्लासात काठोकाठ चहा, दुसऱ्यात अर्धा, तिसरा कोरडा. मग बाई पहिला ग्लास उचलून तिसऱ्यात ओतू लागत, हळूहळू, तिन्ही एका रेषेत येईपर्यंत.

"बघितलंत? भरलेल्यातून रिकाम्यात. ज्याच्याकडे जास्त त्याच्याकडून घ्यायचं, ज्याच्याकडे नाही त्याला द्यायचं. उलटं कधी ओतायचं नाही. सगळे सारखे झाले की थांबायचं. ती जी रेषा आली ना, तिला म्हणायचं सरासरी."

मग तो चहा पोरं पिऊन टाकत आणि गणित डोक्यात बसे ते कायमचं.

तातारा चिहारु या क्लासात आली ती सहावीतल्या जून महिन्यात. म्हणजे फारच उशिरा, बाकीची पोरं चौथीपासून घोकत असतात. बाप बरोबर आला होता, धातूला मुलामा द्यायच्या कारखान्यातून तसाच उठून. अंगाला तेजाबाचा वास, बोटं पिवळी पडलेली. घरी बापलेक दोघंच.

"हिला खाजगी शाळेत घालायचीय," तो म्हणाला. "कुठलीही चालेल. फक्त इथली नको."

का नको ते त्याने सांगितलं नाही, आणि कुमेसरांनी विचारलं नाही. त्यांनी चाचणी घेतली आणि कपाळाला हात लावला. इथे प्रत्येक पोराला एक आकडा चिकटलेला असतो, साऱ्या परीक्षार्थींच्या सरासरीपेक्षा ते किती वर आणि किती खाली हे सांगणारा. पन्नास म्हणजे बरोबर मधोमध. चिहारुचा आला एक्केचाळीस.

"एक्केचाळीस!" कुमेसर म्हणाले. "अहो इसोगाईबाई, हा आकडा आहे का सेल्सियसमधला ताप?"

सहावीला परीक्षेला बसणारी पोरं दोनच उरली होती. चिहारु एक, आणि दुसरा नुकुई रेइजी. त्याचे वडील दातांचे डॉक्टर, आकडा अडुसष्ट, आणि डोळा नदीपलीकडच्या नामांकित शाळेवर. पोरगा हुशार आणि तसा गुणी, पण हळवा. साधी चाचणी असली तरी पोट बिघडायचं.

ऑक्टोबरात एकदा बाईंनी तोंडी गणित घातलं. वर्गात तीस मुलं, जेवणात साठ क्रोकेट, म्हणजे बटाट्याचे तळलेले वडे. प्रत्येकाला सरासरी किती?

"दोन," रेइजी म्हणाला, बाईंचं बोलणं पुरं व्हायच्या आत.

चिहारु पेन्सिलीचं टोक बघत बसली होती.

"काय गं? पटत नाही का?"

"दोनच येतात बाई. सरासरी दोन येतात."

"मग?"

"मग काही नाही. खरे किती येतात ते कोण बघतं?"

"अगं, गणितात सगळ्यांना सारखेच मिळतात!" रेइजी हसला.

"आमच्या वर्गात नाही मिळत," चिहारु म्हणाली, आणि पुढचं गणित सोडवायला लागली.

क्लास सुटल्यावर बाई ग्लास विसळत होत्या. चिहारु न सांगताच फडका घेऊन पुसायला उभी राहिली. बाईंनी नळाकडे बघतच विचारलं, तेव्हा ती बोलली. शाळेत जेवण मुलंच वाढतात, पाळीपाळीने. ताट घेऊन रांगेत जायचं. चिहारुचं ताट पुढे आलं की वाढणारी मुलगी डाव पातेल्यात घालते, रिकामाच वर काढते आणि म्हणते, "अरेच्चा, संपलं वाटतं!" चिहारु पुढे सरकते. मागच्या मुलीला भरून वाटी मिळते.

"आणि सर?"

"सर पातेली बघतात. आमच्या वर्गात काही उरत नाही म्हणून शाबासकी देतात."

"सांगितलं नाहीस त्यांना?"

"सांगितलं की. त्यांनी सगळ्यांना उभं करून विचारलं. सगळ्या म्हणाल्या, आम्ही तर देतो. मग सर मला म्हणाले, तूच नीट ताट पुढे करत नसशील."

"कधीपासून चाललंय हे?"

"चौथीपासून." तिने ग्लास दिव्याकडे धरून डाग राहिलाय का ते बघितलं. "हे सुरू करणाऱ्या चौघीजणी आता इथल्याच सरकारी शाळेत जाणार, बाई. सातवी, आठवी, नववी. मी पास नाही झाले तर मीही तिथेच."

दोन वर्षं पोर भुकेली बसत होती आणि भरल्या वर्गात कुणालाही दिसली नव्हती. त्या दिवसापासून बाई येताना भाताचे दोन गोळे करून आणू लागल्या, आत खारवलेला आलुबुखार घालून, आणि समोर बसून खायला लावू लागल्या. क्लास सुटल्यावर वेगळं शिकवू लागल्या, एक पैसा न घेता. स्वतःच्या घरचे तीन ग्लास वर्तमानपत्रात गुंडाळून तिला दिले. "घरी करून बघ. बाबांनाही दाखव."

आणि पोरीने खरंच मान मोडून अभ्यास केला. एक्केचाळीसचे चव्वेचाळीस झाले, मग सत्तेचाळीस. डिसेंबरच्या सराव परीक्षेत पन्नास आले.

"पन्नास!" कुमेसर म्हणाले. "एवढ्या तापात माणूस जगत नाही हो!" आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

बाईंनी तिच्यासाठी एक लहानशी मुलींची शाळा हेरली होती. फाटकाशी कापराचं मोठं झाड, आणि आकडा हवा बावन्न. हाताशी येण्यासारखा होता.

परीक्षा एक फेब्रुवारीला. त्या दिवशी सकाळी क्लासचे मास्तर शाळांच्या फाटकाशी उभे असतात, दंडाला पट्टी बांधून, थंडीत नाक लाल करून. आपलं पोर आलं की त्याचा हात हातात घ्यायचा, दोन शब्द बोलायचे आणि आत सोडायचं. बड्या क्लासचे लोक झेंडे घेऊन दुतर्फा रांगा करतात. बाहेरच्याला हा तमाशा वाटेल. पण त्या फाटकातून बारा वर्षांचं पोर एकटं आत जातं, आईबापांनाही वर्गापर्यंत जाता येत नाही, तेव्हा तो शेवटचा हात पोरं धरून ठेवतात.

"बाई, तुम्ही याल ना?" जानेवारीत चिहारुने विचारलं. आजवर तिने काही मागितलं नव्हतं. "बाबा सोडून लगेच जातील, त्यांची पाळी आहे. तिथे सगळ्यांचे सर असतील. माझं कोणीच नसलं तर परत ताट घेऊन उभं राहिल्यासारखं होईल."

"वेडी का खुळी तू? येणार म्हणजे येणार. कापराच्या झाडाखाली उभी असेन, हात गरम करून."

आणि दोनच दिवसांनी कुमेसरांची कंबर गेली. मणका सरकला, अंथरुणावरून हलता येईना. तिथूनच त्यांनी फोन केला.

"रेइजीच्या फाटकावर तुम्हाला जायला लागणार, इसोगाईबाई. त्याच्या आईने हात जोडलेत. तुम्ही दिसलात की पोरगा शांत होतो म्हणे."

"मी चिहारुला शब्द दिलाय, सर."

"मग तिलाही भेटा. कोण नको म्हणतंय? त्याचं फाटक लवकर उघडतं, तिचं उशिरा. गणिताच्या बाई ना तुम्ही? बसवा की!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "रेइजी पास होऊन त्याचं नाव आपल्या खिडकीत लागलं तर क्लास राहतो. नाही तर मार्चनंतर खालीही मशीनं आणि वरही मशीनं."

बाईंनी तेव्हाच ठाम नाही म्हणायला हवं होतं. म्हणाल्या नाहीत. या वयात दुसरी नोकरी कोण देणार, हा विचार मनात आलाच नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर त्यांना वाटलं, जमेल. तीन वेगवेगळ्या सकाळी त्या एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत जाऊन आल्या, घड्याळ लावून. तिन्ही वेळा जोडल्या, तिनाने भागल्या. पस्तीस मिनिटं. सात वीसला निघालं की आठच्या आत कापराच्या झाडाखाली. फाटक सव्वाआठला बंद. उलट वेळ उरतच होता! सरासरी कुठल्याही एका दिवसाबद्दल काही सांगत नाही, असं जन्मभर पोरांना बजावणारी बाई, आणि तीच ती पस्तीस मिनिटं गाठीशी बांधून निश्चिंत झोपली.

एक तारखेला कडाक्याची थंडी होती. बाई सातच्या आधीच रेइजीच्या फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या. कोटाच्या दोन्ही खिशांत उबेच्या पुड्या, चोळल्या की तापणाऱ्या, आणि हात खिशात. पोरं येत होती, झेंडे हलत होते. रेइजीचा पत्ता नव्हता. सात वीस झाले आणि फोन वाजला.

"बाई, रेइजीला उलट्या होतायत हो," त्याची आई रडत होती. "गाडी वाटेत थांबवायला लागली. पाच मिनिटांत पोचतो. तुम्ही जाऊ नका. तुम्ही दिसला नाहीत तर उतरणारच नाही म्हणतोय."

बाईंनी घड्याळ बघितलं, स्टेशनकडे बघितलं. निघता आलं असतं. त्या पोराजवळ आई होती, बाप होता, गाडी होती, अडुसष्टचा आकडा होता. पण कानात रडणं त्याच्या आईचं होतं, आणि दुसरी पोर तिकडे गुपचूप उभी असणार होती, जशी ती कायमच असायची. बाई थांबल्या. पाचाची वीस मिनिटं झाली.

रेइजी आला तो पांढराफटक.

"बाई, सगळं विसरलो."

बाईंनी त्याचे दोन्ही हात धरले. "काही विसरला नाहीस. सांग बघू, सरासरी म्हणजे काय?"

"भरलेल्यातून रिकाम्यात," तो पुटपुटला.

"झालं तर मग! आलं की सगळं. जा आता."

पोरगा हसला, नाक पुसलं आणि आत गेला. त्याची आई कमरेत वाकून आभार मानायला लागली, पण बाई तोवर पळत सुटल्या होत्या.

गाडी दोन स्टेशनांच्या मधे उभी राहिली. पुढे सिग्नल बिघडलाय, क्षमस्व, असं एक गोड आवाज पुन्हा पुन्हा सांगत होता. बाईंनी चिहारुच्या बापाला फोन लावला. कामावर फोन कपाटात ठेवायला लागतो, कोण उचलणार? पोरीजवळ फोन नव्हता. डब्यात सगळे मुकाट उभे होते, आणि बाईही दोन्ही मुठींत त्या गरम पुड्या आवळून उभ्या होत्या.

त्या पोचल्या तेव्हा फाटक बंद होतं. झेंडेवाले केव्हाच गेलेले. म्हातारा चौकीदार कापराच्या झाडाखाली पडलेल्या, गार झालेल्या पुड्या वेचत होता.

"आखूड केसांची, बारीकशी ना?" तो म्हणाला. "होती की. इथेच उभी होती, या झाडाला चिकटून. सगळी पोरं आत गेली तरी हलेना. शेवटी आमच्या एका शिक्षिकेने हात धरून नेली. तुम्ही कोण तिच्या?"

बाई वाकून त्याच्याबरोबर पुड्या वेचू लागल्या.

निकाल त्याच संध्याकाळी लागले. कुमेसरांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज असा होता की मणका जागेवर आला की काय असं वाटावं.

"रेइजी पास! बाई, पोराने नाव काढलं! आणि ती दुसरी... नाही ना? जाऊ द्या, एक्केचाळीसचीच होती."

"पन्नास," बाई म्हणाल्या.

"हां, तेच ते. पन्नास."

बाई फाटकाशी असत्या तर ती पास झालीच असती, असं छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. दोनाचा फरक होता, झालीही नसती. पण तिने बाईंकडे निकाल मागितलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आणखी एका शाळेची परीक्षा होती, तिथेही तिचं नाव घातलेलं. बाई उजाडताच तिच्या घरी गेल्या, तिला स्वतः घेऊन जायला. बापाने दार उघडलं. आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं.

"उठत नाही हो," तो म्हणाला. "काल आल्यापासून बोललीच नाही. पेपर अवघड होता का?"

बाई त्या लावलेल्या दारासमोर गुडघे टेकून बसल्या. "चिहारु, माझं चुकलं गं. मी यायला हवं होतं. आज मी बरोबर आहे, शेवटपर्यंत थांबते. चल, राजा." दार लावलेलंच राहिलं. बाप चहा ठेवून हात चोळत उभा राहिला. परीक्षेची वेळ टळून गेली तेव्हा बाई उठल्या. पुढेही त्या चार-सहा वेळा गेल्या, भाताचे गोळे दाराशी ठेवून आल्या. बाप म्हणायचा, खाते हो, तुम्ही गेल्यावर खाते. ते खरं होतं की त्यांच्या समाधानासाठी, देव जाणे.

रस्त्यावरच्या खिडकीत लाल अक्षरांत नुकुई रेइजीचं नाव झळकलं. बघून नवी पोरं आली, चांगली नऊ आली. क्लास वाचला, बाईंची नोकरीही वाचली. कुमेसरांनी खुशीत येऊन हीटर लावला.

एप्रिलात नवं वर्ष सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच एका संध्याकाळी चिहारुचा बाप जिना चढून वर आला. कामावरूनच आला होता. हातात कागदी पिशवी. वर्ग भरायला थोडा वेळ होता, पोरं आत गलका करत होती.

"हे तुमचे ग्लास," तो दारातच म्हणाला. "तिने धुऊन दिलेत. उशीर झाला, माफ करा."

"कशी आहे ती? शाळेत जाते?"

"एक दिवस गेली." त्याने मान खाली घातली. "त्या चौघी तिच्याच वर्गात आल्यात. दुसऱ्या दिवसापासून दारच उघडत नाही. मी रात्री ताट ठेवतो, सकाळी रिकामं ठेवलेलं असतं. तेवढंच." मग काहीतरी आठवल्यासारखं त्याने वर बघितलं. "पण आज बोलली बरं का! एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, ग्लास देताना बाईंना एक विचारून ये. मला यातलं काही कळत नाही, तिने म्हटलं तसंच सांगतो. म्हणाली, भरलेल्यातून रिकाम्यात ओतायचं असतं ना? उलटं ओतायचं नसतं ना? असं बाईंनीच शिकवलं होतं ना, एवढं विचार."

बाईंनी पिशवी त्याच्या हातातून घेतली. त्यांनी ती छातीशी धरली.

"काय सांगू तिला?" बापाने विचारलं.

"सांगा, बरोबर आहे तिचं," बाई कशाबशा म्हणाल्या. "तिचं अगदी बरोबर आहे. चूक माझी झाली."

त्याने पुढचं ऐकलंच नाही. त्या पिवळ्या बोटांच्या माणसाचा चेहरा एकदम उजळला.

"बरोबर आलं का? मी जाऊन सांगतो. खूश होईल हो पोर!" आणि तो दोनदोन पायऱ्या टाकत खाली उतरून घराकडे गेला.